थेटफर्डचं जंगल आणि ब्रेकलँडची शेतं: सपाट वाटांवरच्या माउंटन बायकिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफक आणि सफक या दोन काउंट्यांच्या सीमेवर ब्रेकलँड नावाचा वालुकामय पट्टा आहे. त्याच्या मधोमध थेटफर्डचं पाइनचं जंगल आणि भोवती गहू, बीट, बटाटे, गाजरं यांची शेतं. डोंगर औषधालाही नाही. केंब्रिज, पीटरबरो, नॉरिच भागात राहणारे किंवा लंडनहून दिवसभरासाठी येणारे मराठी लोक इथे सायकल चालवण्याबद्दल जे विचारतात, त्याची ही उत्तरं. काही उत्तरं एका ओळीत संपतात, काही चांगलीच लांबली आहेत.

डोंगरच नाही, तर माउंटन बाइक कशाला?

मातीसाठी. इथे चढ नसला तरी पायाखालची जमीन दर किलोमीटरला बदलते. जंगलातला कच्चा रस्ता खडीचा असतो, त्यावरून कुठलीही सायकल जाते. पण तिथून आत वळलात की पाइनची मुळं, सुया पडून मऊ झालेली वाट, ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या आणि मध्येच घोटाभर भुसभुशीत वाळू. रेसिंग सायकलचं बोटभर रुंदीचं टायर त्या वाळूत सरळ खाली जातं. सव्वादोन इंची, खाचांचं टायर वर तरंगतं.

पुढे सस्पेन्शन असलेली साधी हार्डटेल पुरे. दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली महागडी सायकल इथे आणणं म्हणजे नुसतं जास्तीचं वजन ओढणं. ग्रॅव्हल बाइक, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीची रेसिंगसारखी सायकल असेल आणि टायर चाळीस मिलिमीटरहून जाड असेल, तर वाळूचे तुकडे सोडून बाकी सगळीकडे ती मजेत जाईल.

सपाट म्हणजे अगदी सोपं ना?

तंत्राच्या दृष्टीने हो. घाबरायला लावणारा उतार नाही, एका बाजूला दरी नाही, ब्रेक तापत नाहीत. दमायला मात्र होतं, आणि नवख्यांना ते का होतंय हे कळत नाही. डोंगरात चढ संपला की उतार येतो आणि पाय थांबतात. इथे पाय थांबतच नाहीत. दोन तास अखंड पेडल मारत, एकाच जागी बसून राहायचं. म्हणून मांड्यांआधी बूड तक्रार करतं. पॅड लावलेली सायकलची चड्डी घ्यायला लाजू नका आणि अधूनमधून पेडलवर उभे राहत चला.

दुसरा गुप्त चढ म्हणजे वारा. जंगलात तो जाणवत नाही, पण झाडी संपून शेतं सुरू झाली की त्याला अडवायला काही नसतं. या भागात वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो. शेतांच्या बाजूने फेरी करायची असेल तर ताज्या पायांनी वाऱ्याच्या तोंडावर जा आणि परतीला तो पाठीशी घ्या. उलटं केलंत तर जाताना वाटेल आपण फारच तयारीचे आहोत, आणि येताना उतरून ढकलावं लागेल.

पहिल्या दिवशी बारा-पंधरा किलोमीटर ठरवा. वेग ताशी दहा-बारा किलोमीटर धरा, त्यात फोटो आणि चहा आला.

सुरुवात कुठून करायची?

ब्रँडन गावाजवळच्या हाय लॉज केंद्रावरून. पार्किंग, स्वच्छतागृहं, कॅफे, भाड्याच्या सायकली आणि खुणा केलेल्या वाटा, सगळं एका ठिकाणी आहे. पार्किंगला पैसे पडतात आणि किती वेळ थांबलात त्यावर ते ठरतात, तेव्हा तासाभरासाठी गाडी घेऊन जाण्यात अर्थ नाही, दिवस काढा.

वाटांना रंग आहेत: हिरवी सर्वांत सोपी, मग निळी, लाल आणि काळी. हिरवी कुटुंबासाठी. निळीचं नाव शेपर्ड ट्रेल, आणि मला विचाराल तर थेटफर्डला यायचं ते या वाटेसाठी. अरुंद पण वाहती, वळणावळणाची, सायकल येणाऱ्या कोणालाही जमेल अशी. लाल बीटर ट्रेल जमिनीतल्या बारीकसारीक खड्ड्याटेकाडांचा पुरेपूर उपयोग करते. सपाट प्रदेशात एवढी चढउतार कुठून आणली, असा प्रश्न पडतो. काळी पहिल्या भेटीत सोडून द्या.

हे जंगल खरंखुरं आहे की लावलेलं?

लावलेलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये लाकडाचा इतका तुटवडा झाला की १९१९ मध्ये सरकारने खास वनखातं, फॉरेस्ट्री कमिशन, स्थापन केलं. जमीन हवी होती ती स्वस्त. ब्रेकलँडची वाळू शेतकऱ्यांना कधीच धड पोसत नव्हती. मध्ययुगापासून इथे मांस आणि कातडीसाठी ससे पाळत. सशांनी गवत खाऊन जमीन उघडी पाडली आणि वाऱ्याने ती उडवली. जंगलातल्या सँटन डाउनहॅम गावात सतराव्या शतकात उडत्या वाळूने घरं गाडली गेली होती. अशा माळावर १९२२ पासून पाइन लावायला सुरुवात झाली. आज ते १८,००० हेक्टरांहून मोठं, ब्रिटनमधलं सखल प्रदेशातलं सर्वांत मोठं पाइनचं जंगल आहे.

हा इतिहास सायकलवाल्याच्या कामाचा आहे, कारण जंगल कागदावर पट्टी ठेवून आखलेलं आहे. झाडांचे चौकोनी तुकडे आणि मधून जाणारे सरळसोट मोकळे पट्टे. एक चौक दुसऱ्यासारखाच दिसतो. सह्याद्रीत रस्ता चुकला तर निदान एखादा सुळका किंवा ओढा ओळखीचा सापडतो. इथे चारही दिशांना पाइन आणि वर आभाळ, एवढंच. म्हणून खुणांची वाट सोडून आत शिरणार असाल तर फोनमधला नकाशा आधीच उतरवून ठेवा. जंगलात रेंज बेभरवशाची आहे.

झाडं अजूनही पीक म्हणूनच वाढवली जातात. तोडणी सुरू असेल तिथे वाट बंद केल्याचे फलक असतात. मशीन बंद दिसलं, रविवार असला, तरी फलक ओलांडू नका आणि ओंडक्यांच्या ढिगावर मुलांना फोटोसाठी चढवू नका. ते ढीग घसरतात.

शेतांमधून कुठेही सायकल नेता येते का?

नाही, आणि सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो. इंग्लंडमध्ये शेतं खाजगी असली तरी त्यांतून जाण्यायेण्याचे जुने वहिवाटीचे हक्क कायद्याने जपलेले आहेत. पण कोणी जायचं, हे प्रत्येक वाटेचं वेगळं ठरलेलं असतं.

फुटपाथ म्हटलं की आपल्याला शहरातल्या रस्त्याकडेचा पदपथ आठवतो. इंग्लंडच्या गावाकडे फुटपाथ म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांची शेतवाट. तिची खूण पिवळा बाण. त्यावर सायकल चालवण्याचा हक्क नाही. ब्रायडलवे म्हणजे मुळात घोडेस्वारांची वाट, खूण निळा बाण. १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टने सायकलींना त्यावर परवानगी दिली, पण एका अटीवर: चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची. शिवाय त्या कायद्यात असंही आहे की सायकलसाठी वाट सोयीची करून देणं हे कोणाचं बंधन नाही. त्यामुळे खुरांनी उखणलेल्या वाटेबद्दल तक्रार करायला जागा नाही. जांभळा बाण असलेल्या रिस्ट्रिक्टेड बायवेवर आणि लाल बाणाच्या बायवेवरही सायकल चालते. लालवर मोटारगाड्या आणि मोटरसायकलीही येऊ शकतात, तेवढं लक्षात असू द्या.

म्हणजे शेतात निळा, जांभळा, लाल चालेल, पिवळा नाही. आता गंमत अशी की जंगलातल्या ट्रेलचे रंग आणि या बाणांचे रंग यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. जंगलातला निळा म्हणजे मध्यम-सोपी वाट, शेताच्या कडेचा निळा म्हणजे घोड्यांचा हक्क. एका फेरीत दोन्ही भेटतात आणि नवखे लोक हमखास गडबडतात.

जंगल सरकारी असल्याने तिथला नियम थोडा सैल आहे. कच्च्या रस्त्यांवर आणि सायकलसाठी खुणा केलेल्या ट्रेलवर चालवायला मुभा आहे. चालणाऱ्यांसाठी आखलेल्या वाटांवर जाऊ नका.

दोन्ही बाजूंना झुडपांचं कुंपण आणि मधून गवताळ वाट, अशी ग्रीन लेन इथे भेटली की आपल्याकडच्या पाणंद रस्त्याचीच आठवण येते. पण नुसती ग्रीन लेन दिसली म्हणून हक्क आहे असं समजू नका. नकाशा बघा.

नकाशावर वाट आहे, पण समोर नांगरलेलं शेत आहे. मग?

शेताच्या मधून जाणारी वाट शेतकऱ्याला नांगरता येते, पण पेरणीसाठी पहिल्यांदा मोडली तर १४ दिवसांत आणि त्यानंतर प्रत्येक वेळी २४ तासांत ती पुन्हा दिसेल अशी करून द्यावी लागते. मधून जाणारा ब्रायडलवे किमान दोन मीटर रुंद ठेवायचा असतो. शेताच्या कडेने जाणारी वाट मात्र नांगरायचीच नाही.

नुकत्याच नांगरलेल्या वाळूत सायकल चालतच नाही. उतरून, आखलेल्या रेषेवरून ढकलत पलीकडे जा. बाजूच्या उभ्या पिकातून वळसा घालू नका. आपण शेतकऱ्यांच्या घरातले असू-नसू, गहू तुडवल्याचं दुःख काय असतं हे वेगळं सांगायला नको.

वाटेत गाई किंवा घोडे आले तर?

गाई असतील तर उतरा, सायकल आपल्या आणि गाईंच्या मध्ये ठेवा, हळू चाला. वासरू आणि त्याच्या आईच्या मधून जाऊ नका. फाटक जसं होतं तसं ठेवायचं: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. दुभत्या जातींचा दहा महिन्यांहून मोठा वळू वहिवाटीच्या शेतात सोडायला कायद्याने बंदी आहे. मांसाच्या जातींचा वळू गाईंबरोबर असेल तर मात्र चालतो. लांबून जात ओळखण्याच्या भानगडीत कोणी पडू नये.

घोड्यांबद्दल जास्त काळजी घ्या, कारण मागून निःशब्द येणारी सायकल त्यांना शिकारी जनावरासारखी वाटते आणि ते उधळतात. लांबूनच मोठ्याने हॅलो म्हणा. घंटीपेक्षा माणसाचा आवाज बरा. स्वार हात करेल, मगच हळूहळू, भरपूर अंतर ठेवून पुढे व्हा. थँक यू म्हणा. गावाकडच्या इंग्लिश माणसाच्या मनात सायकलवाल्यांची प्रतिमा कशी राहील, ते या अर्ध्या मिनिटात ठरतं.

डुकरं विजेच्या तारेच्या कुंपणात असतात. पत्र्याची अर्धगोल घरं दिसली की ती डुकरांची वस्ती. वास आधीच येतो.

कोणत्या महिन्यात यावं?

इथे उत्तर पुन्हा मातीवर येतं. इंग्लंडच्या बहुतेक भागांत नोव्हेंबर ते मार्च शेतवाटा म्हणजे निव्वळ चिखल. थेटफर्डच्या आग्नेयेला, सफकच्या चिकणमातीत, हिवाळ्यात चाक फिरायचंच बंद होतं, इतका गाळ फोर्कमध्ये अडकतो. ब्रेकलँडमध्ये मात्र वर वाळू आणि खाली चुनखडी. पाणी झिरपून जातं. वर्षाला पाऊसही साधारण ६०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पुण्याहून कमी, फक्त तो बारा महिन्यांत बारीक बारीक पडतो. त्यामुळे रात्रभर पाऊस झाला तरी सकाळी अकराला जंगलातली वाट चालवण्याजोगी असते. उलट थोडी ओल असली की वाळू घट्ट बसते आणि सायकल पळते. सगळे लोक उन्हाळ्यात येतात, पण माझं मत विचाराल तर फेब्रुवारीतला कोरडा, थंड दिवस जुलैपेक्षा उत्तम. अडचण एकच: डिसेंबर-जानेवारीत चारच्या सुमारास अंधार होतो.

मार्च ते ऑगस्ट हा पक्ष्यांच्या विणीचा काळ. रातवा आणि वुडलार्क (चंडोलाच्या कुळातलं चिमणीएवढं पाखरू) हे दोन्ही इथे तोडणी झालेल्या उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. मोठ्या पिवळ्या डोळ्यांचा करवानक शेतांत आणि माळावर घरटं करतो. आपल्याकडच्या करवानकाचा हा युरोपीय भाऊ इंग्लंडमध्ये दुर्मीळ आहे आणि ब्रेकलँड हा त्याच्या मोजक्या आसऱ्यांपैकी एक. म्हणून या महिन्यांत वाट सोडून माळात शिरायचं नाही.

ऑगस्टमध्ये कापणी. अरुंद गावरस्त्यावर समोरून कंबाइन हार्वेस्टर आला तर तो रस्त्यापेक्षा रुंद असतो. कडेला गवतात उभं राहून त्याला जाऊ द्या. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कुंपणांवर ब्लॅकबेरी पिकतात, रस्त्याकडेच्या खायला हरकत नाही. सप्टेंबरपासून बीटाचा गळीत हंगाम सुरू होतो. आपल्याकडे उसाच्या ट्रॉल्या, तशा इथे बीटाच्या लॉऱ्या बरी सेंट एडमंड्सच्या साखर कारखान्याकडे धावतात आणि रस्त्यावर माती सांडत जातात. त्या मातीवर पाऊस पडला की वळणावर चाक घसरतं. खरी जपायची जागा जंगलात नाही, ती ही.

आणखी एक: वाळू जितक्या लवकर तापते तितक्याच लवकर निवते. मेमधल्या उघड्या रात्रीही इथे दंव पडू शकतं. संध्याकाळी उशिरा परतणार असाल तर विंडचीटर बरोबर हवा.

पंक्चर फार होतात असं ऐकलंय. खरं का?

खरं, आणि त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण पाच हजार वर्षं जुनं. इथल्या चुनखडीत फ्लिंटचे, म्हणजे चकमकीच्या दगडाचे थर आहेत. हा दगड फुटला की काचेसारखी धार येते. म्हणूनच नवाश्मयुगातल्या माणसांनी कुऱ्हाडींसाठी तो खणून काढला. जंगलाच्या उत्तर भागात ग्राइम्स ग्रेव्ह्ज इथे त्यांच्या चारशेहून अधिक खाणी आहेत आणि त्यांतल्या एका खाणीत उतरून बघता येतं. हरणाच्या शिंगांच्या कुदळींनी माणसं इतक्या खोल गेली, हे खाली उभं राहिल्यावर पटत नाही. पुढे नेपोलियनच्या युद्धांत ब्रिटिश सैन्याच्या बंदुकांना ठिणगी देणारे फ्लिंटही ब्रँडनच्याच कारागिरांनी घडवले. आजूबाजूच्या गावांतली घरं, चर्चच्या भिंती याच दगडाच्या. आणि पाऊस पडून गेला की वर धुऊन आलेला तोच दगड तुमचं टायर कापतो.

दुसरं कारण हॉथॉर्नची काटेरी कुंपणं. पक्ष्यांच्या विणीमुळे शेतकरी ती उन्हाळ्यात छाटत नाहीत, सप्टेंबरनंतर छाटतात. त्या दिवसांत गावरस्त्यांवर काट्यांचा सडा असतो.

उपाय: ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव. काट्याचं भोक आपोआप बुजतं, फ्लिंटची मोठी चीर बुजत नाही, म्हणून एक ट्यूब तरीही बरोबर ठेवा. ट्यूबचीच सायकल असेल तर दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर, पंप. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून दगडाचा कण राहिलाय का ते तपासा. तो राहिला तर दुसरी ट्यूबही पाच मिनिटांत जाते.

वाळूत चाक रुतलं की काय करायचं?

रुतायच्या आधी करायचं असतं. पुढे पांढरट, कोरडी वाळू दिसली की गिअर हलका करा, वजन थोडं मागे घ्या, हँडल सैल धरा आणि पेडल मारत राहा. पुढचं चाक डावी-उजवीकडे हलेल, हलू द्या. ते जोराने सरळ करायला गेलात, की पडलात. पुढचा ब्रेक अजिबात नको. आणि टायरमधली हवा थोडी कमी ठेवली तर निम्मं काम तिथेच होतं. सायकलच्या दुकानातला माणूस हवा टणक भरून देतो, ती डांबरी रस्त्यासाठी.

लहान मुलांना आणता येईल का?

हो. हिरवी वाट त्यांच्यासाठीच आहे. हाय लॉजला खेळायच्या जागा आहेत, त्यामुळे आधी सायकल आणि मग खेळ असा क्रम ठेवा. उलट केलंत तर मुलं सायकलवर बसणार नाहीत.

भारतातून आई-बाबा आले आहेत, ते सायकल चालवणार नाहीत. त्यांनी काय करायचं?

जंगलात चालायला सपाट वाटा आहेतच. पण त्यांना एल्वेडन आणि थेटफर्ड गाव दाखवा. महाराजा रणजितसिंगांचे धाकटे पुत्र दुलीपसिंग, पंजाबचे शेवटचे शीख महाराज, इथले जमीनदार होते हे आपल्याकडे फार जणांना ठाऊक नसतं. १८४९ मध्ये इंग्रजांनी पंजाब खालसा केला तेव्हा ते दहा वर्षांचे होते. कोहिनूर त्यांच्याकडूनच गेला. १८५४ मध्ये त्यांना इंग्लंडला आणलं आणि १८६३ मध्ये त्यांच्यासाठी एल्वेडनची जहागीर घेतली गेली. त्यांनी वाड्याचं आतलं रूप मुघल पद्धतीचं करून घेतलं आणि तितर-फेजंटच्या शिकारीत नाव कमावलं. १८९३ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं, दफन मात्र एल्वेडनच्या चर्चच्या आवारात झालं. कबर साधी आहे, तिथे शीख यात्रेकरू येत असतात. वाडा खाजगी आहे, तो आतून बघता येत नाही.

थेटफर्ड गावात नदीतल्या छोट्या बटन बेटावर त्यांचा अश्वारूढ पुतळा आहे. १९९९ मध्ये तेव्हाचे प्रिन्स चार्ल्स यांनी त्याचं अनावरण केलं. गावातल्या एन्शंट हाउस संग्रहालयाची इमारत त्यांचे पुत्र प्रिन्स फ्रेडरिक यांनी गावाला दिली. सायकलवाले जंगलात असताना बाकीच्यांची सकाळ इथे चांगली जाते.

एल्वेडनला सायकलने जायचं असेल तर ए-११ या दुभाजक असलेल्या महामार्गावर अजिबात येऊ नका. गाड्या ताशी ७० मैलांनी जातात. तो जिथे वरून किंवा खालून ओलांडता येतो त्या जागा नकाशावर आधी शोधून ठेवा.

गोचीड चावतात म्हणे?

चावतात. हरणं भरपूर आहेत, म्हणून गोचीडही. चीनमधून आणून पसरलेलं छोटं भेकर, रो हरीण आणि लाल हरीण, तिन्ही इथे आहेत. गोचिडीमुळे लाइम हा आजार होऊ शकतो. वसंतापासून शरदापर्यंत नेच्याच्या झुडपांतून आणि उंच गवतातून जाणं टाळा. घरी आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, मुलांच्या केसांत तपासा. चिकटलेली सापडली तर टोकदार चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, पेटती काडी यांतलं काही नको.

नंतरच्या काही आठवड्यांत चावल्याच्या जागी पसरत जाणारा गोल चट्टा आला किंवा फ्लूसारखं वाटलं, तर जीपीला, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरला दाखवा आणि जंगलात गेलो होतो हे सांगा. पुस्तकातले फोटो गोऱ्या कातडीवरचे असतात. आपल्या सावळ्या रंगावर तो चट्टा तितका लाल दिसत नाही आणि नजरेतून सुटतो. म्हणून उजेडात नीट बघा.

गोळीबाराचे आणि विमानांचे आवाज येतात ते कसले?

विमानं लेकनहीथ आणि मिल्डनहॉल इथल्या हवाई तळांवरची. नावं आरएएफची, म्हणजे ब्रिटिश हवाईदलाची, पण अमेरिकन हवाईदल ते वापरतं. लढाऊ विमान डोक्यावरून गेलं की लहान मुलं दचकतात, आधी सांगून ठेवा. थेटफर्डच्या उत्तरेला लष्कराचा मोठा सराव-प्रदेश आहे. १९४२ मध्ये तिथली गावं रिकामी केली गेली आणि लोक परत गेलेच नाहीत. तिथे प्रवेश नाही, फलक दिसले की माघारी वळा. ऑक्टोबर ते १ फेब्रुवारीच्या दरम्यान शेतांतून सुटे बार ऐकू आले, तर ती फेजंटची शिकार.

हेल्मेट, ई-बाइक, दिवे: कायदा काय म्हणतो?

हेल्मेट सक्तीचं नाही, पण घाला. पाइनच्या फांद्या बरोबर कपाळाच्या उंचीवर असतात. ई-बाइक २५० वॅटपर्यंतची आणि ताशी १५.५ मैलांना मोटर आपोआप बंद होणारी असेल तर ती सायकलच धरली जाते आणि ब्रायडलवेवर चालते. चौदा वर्षांखालच्यांना मात्र ती चालवता येत नाही. सूर्यास्तानंतर रस्त्यावर पुढे पांढरा, मागे लाल दिवा कायद्याने हवा.

खाण्यापिण्याचं काय?

हाय लॉजचा कॅफे आहे. गावांतल्या पबमध्ये दुपारी जेवण मिळतं, पण बऱ्याच ठिकाणी दोन-अडीचनंतर स्वयंपाकघर बंद होतं आणि संध्याकाळी सहाला उघडतं. आपली मंडळी साडेतीनला भुकेली पोचतात आणि चिप्सच्या पाकिटांवर भागवतात. शाकाहारी असाल तर डबा न्या. थेपले, गूळपोळी, दाण्याचे लाडू सायकलच्या पिशवीत उत्तम टिकतात. पिण्याचं साधं पाणी पबमध्ये गिऱ्हाइकाने मागितलं तर फुकट द्यावं लागतं, बाटली भरून घ्या. जंगलात चूल किंवा बार्बेक्यू पेटवू नका. पाइन आणि कोरडी वाळू, आग लागायला वेळ लागत नाही.

जंगल आणि शेतं दोन्ही बघायची असतील तर कुठे जावं?

किंग्ज फॉरेस्टला. पाचव्या जॉर्जच्या कारकिर्दीला पंचवीस वर्षं झाली म्हणून १९३५ पासून लावलेला हा तुकडा थेटफर्डच्या दक्षिणेला आहे. हाय लॉजची गर्दी इथे नाही. इक्नील्ड वे ही प्राचीन वाट यातून उत्तर-दक्षिण जाते. वेस्ट स्टोला गाडी लावायची, तिथे उभारलेलं अँग्लो-सॅक्सन खेडं बघायचं, मग जंगलात शिरायचं आणि परत शेतांच्या कडेने यायचं.

जास्त लांब जायची हौस असेल तर नेटिसहॉल हीथपासून उत्तर समुद्रापर्यंत जाणारा पेडर्स वे आहे, ४६ मैलांचा रोमन रस्ता. रोमन असल्याने तो शेतांतून बाणासारखा सरळ जातो. पण सगळा सायकलला खुला नाही. काही तुकडे फक्त चालणाऱ्यांचे आहेत आणि तिथे शेजारच्या गावरस्त्याने वळसा घ्यावा लागतो. एका दिवसात पूर्ण करायला जाऊ नका.

नकाशा कोणता?

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर २२९, प्रमाण १:२५,०००. त्यावर हिरव्या आखूड रेघांची वाट म्हणजे फुटपाथ, लांब रेघांची म्हणजे ब्रायडलवे. कागदाचाच घ्या. फोनची बॅटरी थंडीत झपाट्याने उतरते.

गाडी नाही, ट्रेनने सायकल नेता येईल का?

येईल. ब्रँडन आणि थेटफर्ड ही दोन्ही स्थानकं ईली ते नॉरिच मार्गावर आहेत. लंडनहून केंब्रिज किंवा ईलीला गाडी बदला. काही गाड्यांत सायकलची जागा आधी आरक्षित करावी लागते आणि ऑफिसच्या वेळेत लंडनच्या गाड्यांवर बंधनं असतात, तेव्हा तिकीट काढतानाच बघा. ब्रँडनला गाड्या कमी थांबतात. परतीची वेळ आधी ठरवा आणि मग फेरीची लांबी.

घरी आल्यावर सायकल धुवायची का?

वाळू आधी कोरडी होऊ द्या आणि ब्रशने झाडा. ओल्या तेलकट साखळीवरची वाळू कानशीसारखी दात झिजवते, म्हणून साखळी त्याच दिवशी फडक्याने पुसून नवीन तेल द्या. प्रेशरचं पाणी बेअरिंगवर मारू नका. टायरवरून मात्र सावकाश हात फिरवा आणि रुतलेले फ्लिंटचे तुकडे टाचणीने काढून टाका, नाहीतर ते पुढच्या रविवारी आत पोचतील.